वेबसाइटवर नुसतं कौतुक नको, ग्राहकाच्या शंकेचं उत्तर टाका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राहकांच्या अभिप्रायांबद्दल, म्हणजे टेस्टिमोनियलबद्दल बोललो. व्हिडिओत सगळं मावत नाही. म्हणून मेसेजचे नमुने, विचारायचे प्रश्न आणि कायद्याचा भाग इथे सविस्तर लिहितेय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी करायला एक काम दिलंय.

सुरुवातीला एक छोटी गंमत करा. ओळखीतल्या कुठल्याही छोट्या व्यवसायाची वेबसाइट उघडा आणि 'ग्राहक काय म्हणतात' हे पान बघा. "खूप छान!", "अप्रतिम क्वालिटी", "बेस्ट सर्व्हिस, धन्यवाद!" असंच काहीतरी दिसेल. आता वर दुकानाचं नाव आहे ते हाताने झाका आणि पुन्हा वाचा. हे अभिप्राय मसाल्याचे आहेत, पार्लरचे आहेत की प्लंबरचे, ओळखता येतं का? नाही ना? जो अभिप्राय उचलून कुठल्याही धंद्याला चिकटवता येतो, तो तुमच्या धंद्याचं काहीच काम करत नाही.

आजची मुख्य गोष्ट एवढीच आहे: अभिप्रायाचं काम तुमचं कौतुक करणं हे नाही. पैसे भरताना ग्राहकाचा हात जिथे थांबतो, तिथली शंका दूर करणं हे त्याचं काम आहे. ही गोष्ट डोक्यात बसली की अभिप्राय कुणाकडून घ्यायचा, काय विचारायचं आणि तो कुठे लावायचा, हे सगळं आपोआप ठरतं.

आपल्यासारख्यांनाच याची गरज जास्त

मोठ्या ब्रँडचं नाव लोकांनी आधीच ऐकलेलं असतं. आपलं नाव गल्लीबाहेर कुणाला माहीत नसतं, आणि वेबसाइटवर येणारा माणूस तर गल्लीबाहेरचाच असतो. त्याने आपल्याला बघितलेलं नाही, माल हातात घेतलेला नाही, आणि आपण त्याला म्हणतो, "आधी पैसे पाठवा."

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या रेस्टॉरंटचा अभ्यास केला होता. 'येल्प' या रिव्ह्यूच्या साइटवर एक तारा वाढला की रेस्टॉरंटची कमाई ५ ते ९ टक्के वाढते, असं त्यांना आढळलं. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे: हा परिणाम स्वतंत्र, एकट्या रेस्टॉरंटवर दिसला. साखळी हॉटेलांवर तो दिसला नाही, कारण त्यांच्याबद्दल लोकांना आधीच माहिती असते. म्हणजे दुसऱ्या ग्राहकाच्या शब्दाची किंमत सगळ्यात जास्त कुणाला? तर नाव नसलेल्या छोट्या दुकानाला.

आधी शंका लिहून काढा

अभिप्राय मागण्याआधी यादी करा: ग्राहक ऑर्डर देता देता का थांबतो? उदाहरणाला दिवाळीचा फराळ घेऊ. घरगुती फराळ बनवून परदेशी पाठवणाऱ्या बऱ्याच ताया हे वाचत असतील, आणि आमच्या दुकानात दिवाळीआधी येणारे फोनही याच प्रश्नांचे असतात:

- चकली अख्खी पोचेल की चुरा होईल?
- तेलाचा खवट वास तर येणार नाही ना?
- दिवाळीच्या आधी पोचेल का? कस्टममध्ये अडकला तर?
- माल दोन हजारांचा आणि कुरिअर त्याहून महाग, मग परवडतं का?
- गोड कमी, तिखट जास्त असं काही सांगितलं तर ऐकता का?

लक्षात घ्या, "चव चांगली आहे का?" हा प्रश्न यादीत वर नाही. चव चांगली असणार हे ग्राहकाने धरलेलंच असतं. त्याला भीती आहे ती चुऱ्याची, वासाची आणि तारखेची. आणि आपल्या वेबसाइटवर अभिप्राय कसले असतात? "चव अगदी आईच्या हातची!" म्हणजे विचारलं एक, उत्तर दुसरंच.

तुमचा धंदा दुसरा असेल तर शंकाही दुसऱ्या. शिवणकामाच्या क्लासला येणाऱ्या बाईला वाटतं, "मला मशीनवर बसायचीही सवय नाही, जमेल का?" डबा लावणाऱ्याला वाटतं, "पहिल्या आठवड्यात चांगला येईल, नंतर पोळ्या जाड होतील." मॉड्युलर किचनवाल्याकडे जाणाऱ्याला वाटतं, "ॲडव्हान्स घेऊन हा फोन उचलेल ना?" ही यादी डोक्याने बनवू नका. मागच्या महिन्याचं व्हॉट्सॲप उघडा आणि ग्राहकांनी ऑर्डरच्या आधी काय काय विचारलंय ते उतरवून घ्या. तुमची यादी तिथे तयार आहे.

कच्चा अभिप्राय आणि पक्का अभिप्राय

खालचे दोन्ही नमुने समजावण्यासाठी मी तयार केलेत. तुमच्या वेबसाइटवर उचलून लावू नका बरं का!

कच्चा: "फराळ अप्रतिम! सगळ्यांना खूप आवडला. नक्की ऑर्डर करा."

पक्का: "लेक न्यू जर्सीला असते. तिला ३ किलो फराळ पाठवला. चकल्या वाटेत मोडतील असं वाटलं होतं, पण डब्यातल्या ३० पैकी ४ मोडल्या, बाकी अख्ख्या. वसुबारसेच्या आधी पोचला. शंकरपाळी मात्र आमच्या घरच्यापेक्षा जरा गोड वाटली."

दुसऱ्यात काय आहे बघा. माणूस कोण, काय घेतलं, आधी काय भीती होती, प्रत्यक्षात काय झालं, आणि एक बारीकशी तक्रारसुद्धा. यात 'अप्रतिम' हा शब्द एकदाही नाही. तरी वाचणाऱ्याचा विश्वास कशावर बसेल? ४ मोडल्या हे मान्य करणाऱ्या माणसावरच.

मागायचं कधी आणि विचारायचं काय

बरेच जण ग्राहकाला म्हणतात, "ताई, दोन ओळी लिहून द्या ना आमच्याबद्दल." मग ताई बिचाऱ्या संकोचतात आणि "खूप छान" लिहून मोकळ्या होतात. यात त्यांचा दोष नाही. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघमच येणार.

वेळ अशी धरा की माल वापरून झालेला असेल, पण अनुभव ताजा असेल. फराळाचं पार्सल पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी. ब्लाउज शिवून दिला असेल तर समारंभ झाल्यावर. क्लास असेल तर पहिली वस्तू स्वतः शिवल्यावर. पाण्याच्या फिल्टरसारखी वस्तू असेल तर महिनाभर थांबा.

मेसेज साधा ठेवा. उदाहरणार्थ:

"नमस्कार काकू, लेकीकडे फराळ पोचला ना? एक विनंती होती. तुमच्यासारख्याच दुसऱ्या आईबाबांना निर्णय घ्यायला मदत होईल, म्हणून दोन-तीन प्रश्न विचारू का? टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज पाठवला तरी चालेल."

काकू हो म्हणाल्या की हे प्रश्न विचारा:

१. ऑर्डर द्यायच्या आधी मनात कसली धाकधूक होती?
२. पार्सल उघडल्यावर नेमकं काय दिसलं?
३. याआधी तुम्ही हे कसं करत होता?
४. काय आवडलं नाही किंवा काय सुधारायला हवं?
५. तुमच्या मैत्रिणीला सांगायचं झालं तर काय सांगाल?

पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा. कारण त्याचं उत्तर म्हणजे तुमच्या पुढच्या ग्राहकाची शंका, आणि ती जुन्या ग्राहकाच्या तोंडून आलेली!

व्हॉइस मेसेज आला तर तो ऐकून उतरवून घ्या. काकू "लई भारी" म्हणाल्या असतील तर "अत्यंत उत्कृष्ट" करू नका. कोल्हापूरच्या माणसाचं बोलणं कोल्हापूरचंच राहू द्या. लांबलेलं कापायला हरकत नाही, पण अर्थ बदलायचा नाही, तक्रार गुपचूप वगळायची नाही, आणि कापलेला मजकूर काकूंना एकदा दाखवायचाच.

वाचणाऱ्याला 'हा तर माझ्यासारखाच' वाटलं पाहिजे

२००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत रॉबर्ट चाल्डिनीही होते, ज्यांचं 'इन्फ्लुएन्स' हे पुस्तक मार्केटिंग शिकणाऱ्या बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. हॉटेलच्या खोल्यांमध्ये टॉवेल पुन्हा वापरा अशी विनंती करणारी वेगवेगळी कार्डं ठेवली. नुसतं "पर्यावरण वाचवा" लिहिलेल्या कार्डापेक्षा "याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले" या कार्डाला जास्त प्रतिसाद मिळाला: ३७ टक्क्यांच्या जागी ४९ टक्के. खोली तीच, एवढंच काय ते नातं! तरीही फरक पडला.

आपण काय घ्यायचं यातून? शिवणक्लासच्या वेबसाइटवर एखाद्या मोठ्या पाहुण्याने दिलेल्या शाबासकीपेक्षा, "दोन मुलं शाळेत गेल्यावर ११ ते १ या वेळेत शिकले" असं सांगणाऱ्या गृहिणीचा अभिप्राय जास्त काम करतो. तुमचे तीन प्रकारचे ग्राहक असतील तर तिन्ही प्रकारचे अभिप्राय हवेत. फराळात परदेशी पाठवणारे आईबाबा वेगळे, ऑफिसात ५० डबे वाटणारा मॅनेजर वेगळा, आणि घरासाठी पाव किलो घेणारं जोडपं वेगळं.

लावायचा कुठे?

सगळे अभिप्राय एका वेगळ्या पानावर कोंडून ठेवू नका. शंका जिथे येते, उत्तर तिथेच शेजारी हवं.

- चुऱ्याच्या भीतीवरचा अभिप्राय चकलीच्या फोटोखाली.
- वेळेत पोचल्याचा अभिप्राय डिलिव्हरीच्या माहितीजवळ.
- "महाग वाटलं होतं, पण..." हा अभिप्राय किमतीच्या शेजारी.
- ५० डब्यांच्या ऑर्डरचा अनुभव घाऊक ऑर्डरच्या फॉर्मपाशी.
- पहिल्या पानावर सगळ्यात नेमके दोन किंवा तीन. बस्स.

आपोआप सरकणाऱ्या पट्टीत अभिप्राय टाकू नका, वाचून होईपर्यंत ते निघून जातात. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉटही जपून वापरा. मोबाइलवर अक्षर वाचता येत नाही, आणि समोरच्याचा नंबर किंवा डीपी चुकून दिसला तर पंचाईत. अभिप्राय साध्या मजकुरात टाइप करून टाका.

आणखी एक. काही वेबसाइट बनवणारे सांगतात, "तुमच्या साइटवर रिव्ह्यू टाकतो, मग गूगल सर्चमध्ये तुमच्या नावाखाली पिवळे तारे दिसतील." सप्टेंबर २०१९ पासून गूगल, एखाद्या दुकानाने किंवा संस्थेने स्वतःच्याच साइटवर स्वतःबद्दल टाकलेल्या रिव्ह्यूंचे तारे सर्चमध्ये दाखवत नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. गूगल मॅपवरचे रिव्ह्यू हवे असतील तर तुमच्या बिझनेस प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक घ्या आणि ग्राहकाला पाठवा. पण "फाइव्ह स्टार द्या, ५० रुपये सूट घ्या" असं करू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं, आणि फक्त खूश ग्राहकांनाच निवडून रिव्ह्यू मागणं, दोन्ही गूगलच्या नियमात बसत नाही.

थोडी नाराजी राहू द्या

सगळंच गोड असेल तर ग्राहकाला संशय येतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने २०१७ मध्ये ऑनलाइन विक्रीचा अभ्यास केला. खरेदीची शक्यता साधारण ४.० ते ४.७ या रेटिंगला सर्वाधिक असते, आणि रेटिंग ५ च्या जवळ जाऊ लागलं की ती उलट कमी होते, असं त्यात दिसलं.

म्हणून बारीक तक्रार असलेला अभिप्राय लपवू नका. त्याखाली तुमचं उत्तर लिहा. "काकू, सांगितलंत ते बरं केलंत. शंकरपाळी आता कमी गोड अशीही मिळते, ऑर्डरच्या वेळी तेवढं कळवा." असं उत्तर वाचून नव्या ग्राहकाला दोन गोष्टी कळतात. इथे अभिप्राय खरे आहेत, आणि तक्रार केली तर ऐकणारं कुणीतरी आहे. ॲडव्हान्स पाठवणाऱ्याला हीच तर खात्री हवी असते.

नाव, फोटो आणि परवानगी

"एक समाधानी ग्राहक, पुणे" यावर कुणी विश्वास ठेवत नाही. नाव, गाव, काय घेतलं आणि कोणत्या महिन्यात, एवढं असलं की अभिप्रायाला वजन येतं. पण हे सगळं विचारूनच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे, आणि दिलेली संमती माणूस परतही घेऊ शकतो. व्हॉट्सॲपवर एवढं विचारा: "काकू, हा मजकूर तुमचं नाव आणि गाव टाकून आमच्या वेबसाइटवर लावू का? फोटो लावला तर चालेल का?" त्यांचं "हो" जपून ठेवा. पुढे कधी "काढून टाक गं" म्हणाल्या तर त्याच दिवशी काढा. पूर्ण नाव नको म्हणाल्या तर नुसतं पहिलं नाव आणि गाव चालेल. लहान मुलांचे फोटो शक्यतो टाळाच. आणि इंटरनेटवरून उचललेला हसऱ्या बाईचा फोटो तर नकोच नको.

खोटा अभिप्राय: इथे खेळ महाग पडतो

आता गंभीर भाग. "सुरुवातीला चार-पाच स्वतःच लिहून टाका, सगळेच टाकतात," असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात इंटरनेट आणि वेबसाइट स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे तुमच्या साइटवरचा मजकूर हीसुद्धा जाहिरातच. ९ जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही त्या व्यक्तीचं खरं, सध्याचं मत असली पाहिजे आणि तिला वस्तूचा पुरेसा अनुभव किंवा माहिती हवी. शिफारस करणाऱ्याचं विक्रेत्याशी असं नातं असेल की जे कळल्यावर लोकांचा विश्वास कमी-जास्त होईल, तर ते उघड सांगायला हवं. मामेभावाने लिहिलं असेल, किंवा कुणाला फुकट डबा देऊन लिहून घेतलं असेल, तर तसं शेजारी लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. याशिवाय बीआयएसने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते ऐच्छिक म्हणून आलं, पण रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याची चांगली दिशा त्यात मिळते.

खाद्यपदार्थ, तेलं, चूर्णं विकणाऱ्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचा. "तुमचे नाचणीचे लाडू खाऊन माझी शुगर नॉर्मल झाली" असं ग्राहकाने अगदी मनापासून लिहिलं, तरी साइटवर लावू नका. वेबसाइटवर लावलंत की तो तुमचा दावा होतो. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमावलीत बसत नाही, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. औषधी म्हणून विकलेल्या वस्तूंसाठी १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. ज्या आजारांच्या उपचाराची जाहिरातच करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेहही आहे. अशा ग्राहकाचे मनापासून आभार माना, आणि चव, ताजेपणा, पॅकिंग यावरचं त्याचं वाक्य तेवढं वेबसाइटवर घ्या.

आणि अजून ग्राहकच नसतील तर?

मग पाचचं टार्गेट ठेवा. वर सांगितलेल्या स्पीगलच्या अभ्यासात, ५ रिव्ह्यू असलेली वस्तू विकली जाण्याची शक्यता एकही रिव्ह्यू नसलेल्या वस्तूपेक्षा २७० टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणजे शंभर अभिप्रायांची वाट बघायची गरज नाही.

छोटी बॅच करा, सोसायटीतल्या किंवा ओळखीच्या ओळखीतल्या दहा जणांना विका. शक्यतो विकाच, फुकट वाटू नका, कारण पैसे मोजलेला माणूस मोकळेपणाने बोलतो. नमुना म्हणून फुकट दिलंच असेल तर अभिप्रायाखाली "चाखण्यासाठी नमुना दिला होता" एवढी ओळ टाका. ते पाच येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवा, आणि तिथे पॅकिंग कसं करता याचा स्वतः काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ लावा. शंकेचं उत्तर त्यातूनही मिळतं.

या आठवड्याचं काम

१. व्हॉट्सॲप उघडून ग्राहकांच्या पाच शंका लिहा.
२. प्रत्येक शंकेसमोर, तिचं उत्तर देऊ शकेल अशा एका जुन्या ग्राहकाचं नाव लिहा.
३. त्या पाच जणांना वरचा मेसेज पाठवा.
४. आलेला अभिप्राय त्या त्या शंकेच्या जागी लावा, आणि जुने "खूप छान, धन्यवाद" काढून टाका.
५. दर सहा महिन्यांनी यादी पुन्हा बघा. पॅकिंग बदललं, कुरिअर बदललं, तर त्याबद्दलचा जुना अभिप्राय उतरवा.

पाचपैकी दोघांनी उत्तर दिलं तरी सुरुवात झाली. दिवाळीला वेळ आहे म्हणून थांबू नका. आज ज्याला माल दिलाय, त्याला परवा पहिला प्रश्न विचारा: "ऑर्डर देताना मनात कसली धाकधूक होती?" बघा, काय काय ऐकायला मिळतं ते!

भेटू पुढच्या व्हिडिओत.